इलेक्ट्रोपॉलिशिंगच्या किटपायी २४,७८० रुपये घालवले

आकडा आधीच सांगून टाकतो, हसायचं ते हसून घ्या. किट १८,५००, त्यावर अठरा टक्के जीएसटी ३,३३०, वर ‘अ‍ॅसिड पाठवायचं परमिट’ २,९५०. एकूण २४,७८०. सगळे यूपीआयने, माझ्याच हाताने.

मी घरामागच्या शेडमध्ये स्टीलच्या सुऱ्या बनवतो. बफिंगचं (घासून चकाकी आणायचं) चाक पातं हातातून कसं हिसकावतं हे ज्याने पाहिलंय, त्याला इलेक्ट्रोपॉलिशचा, म्हणजे अ‍ॅसिडमध्ये बुडवून विजेने धातू चकचकीत करण्याचा, मोह कळेल. पातं प्लसला, शिशाची पट्टी मायनसला, फॉस्फोरिक-सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा गरम बाथ, म्हणजे बुडवायचं द्रावण. हे सगळं मला ठाऊक होतं हो! चीड त्याचीच येते.

परमिटचे पैसे मागताना किट विकणाऱ्याने कुरियरच्या पावतीचा फोटो पाठवला. वजन ६.९ किलो. पाच लिटर द्रावण, रेक्टिफायर (घरच्या विजेचा डीसी करून देणारा डबा), शिसं, खोका, सगळं धरून! ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक लिटरला १ किलो ६८० ग्रॅमच्या आसपास भरतं, सल्फ्युरिक त्याहून जड. नुसता कॅनच आठ किलोच्या वर जायला हवा. तो आकडा मी वाचला. नीट वाचला, आणि पिन टाकला. अ‍ॅसिड म्हटलं की कुरियरवाले हात वर करतात, तेव्हा परमिट लागत असेल असंच वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

किट आलं. खरा बाथ काकवीसारखा संथ ओततो, हा पाण्यासारखा डचमळत होता. रेक्टिफायरवरचा ‘१२ व्होल्ट ३० अँपिअर’चा स्टिकर नखाने सोलला, तर खाली ५ अँपिअर. एलईडी पट्ट्यांचा सप्लाय! आठ इंची पात्याला दोन्ही बाजू मिळून तीसेक अँपिअर तरी लागतात. आणि बाथमध्ये पाणी जास्त झालं की पॉलिश होत नाही, धातू नुसता खाल्ला जातो. माझं पातं काळं पडलं, वर खड्डेच खड्डे. गिऱ्हाइकाचं नव्हतं एवढंच नशीब.

बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. पैसे देण्याआधी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पुढे शून्य. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. चौकीत साहेब म्हणाले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.” मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून, “सुऱ्या आणि अ‍ॅसिड? नक्की करता काय तुम्ही?” म्हणजे चोर मोकळा आणि आधार कार्डाची झेरॉक्स माझी! १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनने विक्रेत्याचा खरा पत्ता मागितला. तो माझ्याकडे असता तर मी फोन कशाला केला असता?

रसायन एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्यांना माल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, ओळखपत्र दाखवून, कॅन काट्यावर ठेवून. एकदोनच पाती असतील तर प्लेटिंगवाल्याकडूनच करून घ्या. आणि ज्यांच्याकडे सध्या परमिटचे पैसे मागितले जातायत, त्यांनी आधी पावतीवरचं वजन बघा.