पडलेला बेसबॉल संघ: मोडून नव्याने बांधायचा, की लगेच लढायचं?

२०२३चा हंगाम संपला तेव्हा अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधल्या अमेरिकन लीगच्या मध्य विभागातले दोन संघ जवळपास सारखेच गाळात होते. १६२ सामन्यांपैकी कॅन्सस सिटी रॉयल्स १०६ हरले होते, शिकागो व्हाइट सॉक्स १०१. वर्षभराने रॉयल्स ८६ विजय मिळवून प्लेऑफमध्ये होते. व्हाइट सॉक्सच्या नावावर १२१ पराभव लागले. १९०० नंतर एका हंगामात इतके सामने कोणीच हरलं नव्हतं.

फरक निवडलेल्या वाटेचा होता. रॉयल्सनी बॉबी विट ज्युनियर या तरुण शॉर्टस्टॉपशी (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ११ वर्षांचा करार केला आणि सेथ लुगो, मायकल वाका हे अनुभवी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, घेतले. व्हाइट सॉक्सनी आपला सर्वोत्तम पिचर डिलन सीझ हंगामाच्या तोंडावर सॅन डिएगोला देऊन टाकला.

मोडून बांधण्याच्या, म्हणजे चांगले खेळाडू देऊन तरुण जमवण्याच्या, बाजूने ह्यूस्टनचा दाखला हमखास दिला जातो. २०११ ते २०१३ सलग तीन वर्षं शंभरावर पराभव, आणि २०१७ला विजेतेपद. त्या विजेतेपदाला प्रतिस्पर्धी पिचरला मिळणाऱ्या गुप्त खुणा चोरल्याचा डाग आहे, पण संघ खरोखर तगडा होता. शिकागो कब्जही २०१२ला १०१ सामने हरून २०१६ला जिंकले, १०८ वर्षांनी. मात्र हीच वाट व्हाइट सॉक्सनी आधीही धरली होती. २०१६च्या डिसेंबरात ख्रिस सेलला बॉस्टनला देऊन तरुण पोरं आणली, २०२१ला ९३ विजय मिळवले, पण प्लेऑफची एकही मालिका न जिंकता दोन वर्षांत पुन्हा तळ गाठला. बाल्टिमोरने २०१८चे ११५ पराभव सोसून २०२३ला १०१ विजय मिळवले. तिथेही प्लेऑफमध्ये टेक्ससने ३-० असं घरी पाठवलं.

शिवाय आता नियम बदललेत. ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने नवोदित खेळाडू निवडतात, आणि आधी तळाच्या संघाला पहिली निवड मिळायची. २०२३पासून पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरतात आणि मोठ्या शहरांतल्या श्रीमंत संघांना लागोपाठ दोन वर्षं त्या मिळत नाहीत. म्हणून १२१ पराभवांनंतरही व्हाइट सॉक्सना दहावी निवड मिळाली. मुद्दाम तळाला राहण्याचा मोबदला बराच आटला आहे. उलट २०२२पासून प्लेऑफमध्ये १२ संघ जातात, त्यामुळे ८६ विजयही पुरू शकतात.

लगेच लढायला पैसा लागतो, धीरही. टेक्ससने १०२ पराभवांनंतर कोरी सीगर आणि मार्कस सेमियन यांच्यावर मिळून ५० कोटी डॉलर लावले. पुढच्या वर्षी ९४ पराभव झाले, त्याच्या पुढच्या वर्षी विजेतेपद.

माझं मत स्पष्ट आहे: संघात विटसारखा एक जरी तरुण, अनेक वर्षं हाताशी राहणारा खेळाडू असेल, तर लढा. आयपीएलसारखा मोठा लिलाव इथे नाही, दोन दिवसांत संघ नवा होत नाही. असा खेळाडू परत मिळायला दहा वर्षंही लागतात. तसा कोणी नसेल तरच विका, आणि विकायचं तर वेळेवर. व्हाइट सॉक्सनी गॅरेट क्रोशेला संघाचा हक्क अजून दोन वर्षं शिल्लक असताना बॉस्टनला दिलं, बदल्यात चार तरुण खेळाडू आले. लॉस एंजेलिस एंजल्सनी २०२३च्या जुलैत करार संपत आलेल्या शोहेई ओहतानी या बड्या खेळाडूला ठेवून घेतलं, वर होतकरू पोरं देऊन पिचर आणला, तरी संघ कोसळला. हिवाळ्यात ओहतानी डॉजर्सकडे गेला आणि एंजल्सच्या हाती ड्राफ्टची एक जादा निवड उरली.