डूडेनचा ऑनलाइन शब्दकोश: ए-वन (जर्मनची पहिली पातळी) करणाऱ्यांनी वापरावाच

नर्सिंगच्या नोकरीसाठी जर्मन शिकतेय. 'इश गेबऽ डेम किंट डेन आप्फेल', म्हणजे 'मी मुलाला सफरचंद देते'. यातले 'डेम' आणि 'डेन' कुठून आले, ते मला डूडेनमुळे नीट कळलं. १८८० पासूनचं नाव, आणि ऑनलाइन फुकट. 'किंट' (मूल) उघडलं की त्याचं आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारा, लिंग दाखवणारा शब्द, 'डास' दिसतं, 'आप्फेल' (सफरचंद) उघडलं की 'डेअर', आणि खाली विभक्तींचा अख्खा तक्ता. ज्याला द्यायचं ते चतुर्थीत, म्हणून 'डास'चं 'डेम'. जे द्यायचं ते द्वितीयेत, म्हणून 'डेअर'चं 'डेन'. आपण नामाला 'ला' लावतो, इथे बहुतेक वेळा आर्टिकलच बदलतं! अडचण एकच: अर्थ जर्मनमध्येच दिलेत, त्यामुळे सुरुवातीला शेजारी दुसरा कोश लागतोच. तरी नवं नाम वहीत उतरवताना लिंग आणि अनेकवचन इथूनच बघून घ्या.