इंटरनेट कॉल हाच मुख्य फोन: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले कित्येक महिने माझे जवळजवळ सगळे कॉल इंटरनेटवरून होतात. कधी मी वायफायवर, कधी मोबाइल डेटावर, आणि पलीकडचं माणूस कुठल्याही कंपनीच्या सिमवर. एवढ्या वापरानंतर एक गोष्ट पक्की कळली आहे: आवाज नीट येण्यासाठी नेट फार वेगवान असावं लागत नाही, पॅकेट, म्हणजे आवाजाचे छोटे छोटे तुकडे, वेळच्या वेळी पोचावी लागतात.

हिशेबच बघा. आजची बरीच ॲप ओपस हा कोडेक (आवाज दाबून लहान करायची पद्धत) वापरतात. तो २०१२ साली प्रमाणित झाला. बोलण्याच्या स्वच्छ आवाजाला त्याला सेकंदाला २४ किलोबिट पुरतात. शिवाय प्रत्येक पॅकेटवर पत्ता, क्रमांक वगैरेंचे ४० बाइट असतात. सेकंदाला ५० पॅकेट धरली तर तेच १६ किलोबिट होतात. जाणारा आणि येणारा आवाज मिळून तासाला साधारण ३६ एमबी. एवढा डेटा तर थ्रीजीसुद्धा सहज वाहून नेतं. म्हणून कॉलच्या बाबतीत स्पीड टेस्टचा आकडा बघणं मी सोडून दिलं आहे.

खरी अडचण उशिराची. एका बाजूचा आवाज दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. उशीर त्याहून बराच वाढला की दोघं एकदम बोलायला लागतात, एकदम थांबतात, आणि वाद नसताना संभाषणाला वादाचा सूर येतो. त्यातही ठरावीक उशीर एक वेळ चालतो; कमी-जास्त होणारा उशीर जास्त छळतो. तो झाकायला ॲप थोडी पॅकेट साठवून मग आवाज ऐकवतं. चढउतार त्या साठ्यापलीकडे गेले की आवाज यंत्रासारखा होतो, अक्षरं गळतात.

घरच्या वायफायवर हे मला वारंवार दिसलं. रेंज पूर्ण, आणि तरी आवाज तुटतोय. कारण बहुतेक वेळा एकच असायचं: त्याच वायफायवरच्या दुसऱ्या फोनमधून फोटोंचा बॅकअप वर चढत असायचा. राउटरमध्ये पॅकेटची रांग लागते आणि माझा आवाज त्या रांगेत शेवटी उभा राहतो. बॅकअप रात्रीवर टाकल्यापासून फरक लगेच जाणवला. यात एक खूण उपयोगी पडते. मला सगळं स्वच्छ ऐकू येतंय आणि समोरचं माणूस ‘आवाज तुटतोय’ म्हणतंय, तर दोष माझ्या अपलोडमध्ये किंवा त्याच्या डाउनलोडमध्ये. उलट झालं तर उलट शोधायचं. नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करत बसण्यापेक्षा हे बरं.

घरातून बाहेर पडताना वायफायवरून मोबाइल डेटावर जाणं ही सगळ्यात नाजूक वेळ. फोनचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलतो आणि ॲपला नवी वाट जुळवावी लागते. चांगली ॲप हे काही सेकंदांत करतात. पण दाराबाहेरच्या त्या पट्ट्यात वायफाय मेल्यात जमा असतं आणि फोन तरी त्याला धरून बसतो, तिथे कॉल हमखास अडखळतो. मी बाहेर पडायच्या आधीच वायफाय बंद करते. याबाबतीत सिमवरचा व्हीओएलटीई कॉल (फोरजी नेटवर्कवरून जाणारा साधा कॉल) सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. नेटवर्क त्याला प्राधान्याची वेगळी वाट देतं. ॲपचा कॉल सामान्यतः बाकीच्या डेटाच्या गर्दीतून जातो. टॉवरवर गर्दी असेल तेव्हा मी सरळ साधा कॉल लावते.

नेटवर्क-नेटवर्कांतही फरक पडतो. दोन्ही फोन आपापल्या कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे (एकाच इंटरनेट पत्त्यावर अनेक फोन) असले की थेट जोडणी कधी जमते, कधी मधला सर्व्हर घ्यावा लागतो. तो लांब असला तर उशीर वाढतो. काही कार्यालयांच्या वायफायवर यूडीपी (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबता पाठवत राहायची पद्धत) अडवलेलं असतं. मग ॲप टीसीपी या सगळी पॅकेट क्रमानेच पोचवणाऱ्या पद्धतीवर येतं, आणि तिथे एक पॅकेट हरवलं की मागची सगळी त्याच्यासाठी खोळंबतात. अशा ठिकाणी मोबाइल डेटावर यावं, दुसऱ्या खटपटी करू नयेत.

ब्लूटूथबद्दल एवढंच: जुन्या हेडसेटवर माइक चालू झाला की आवाज अरुंद, जुन्या टेलिफोनसारखा होतो. वायरचा इअरफोन अजूनही भरवशाचा.

पण नवख्या माणसाला मी आधी आवाजाचं नाही, रिंगचं सांगते. अँड्रॉइड ६ पासून पडून राहिलेला फोन झोपी जातो, आणि त्यावर काही फोन उत्पादकांची बॅटरी वाचवण्याची कडक व्यवस्था असते. कॉल येतो, रिंग वाजतच नाही, नंतर नुसता मिस्ड कॉल दिसतो. कॉलच्या ॲपला बॅटरीच्या बंधनांतून सूट द्या, पार्श्वभूमीत डेटा वापरायची परवानगी द्या आणि फोन तासभर बाजूला ठेवून कुणाला तरी कॉल करायला सांगा. ही एक चाचणी केल्याशिवाय घरातल्या वयस्कर माणसांना या कॉलवर अवलंबून ठेवू नका.

सिम मात्र चालू ठेवा. आणीबाणीचा नंबर फोन साध्या नेटवर्कवरून लावतो, आपल्या कंपनीची रेंज नसेल तर अनेकदा दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही. बहुतेक कॉलिंग ॲपमधून तो लागत नाही.