सौर बंबाचे पाणी विजेवर तापत होते

गुहागर तालुक्यातील आमच्या घरी न्हाणीच्या पडवीत तांब्याचा बंब होता आणि आई तो नारळाची सोडणे व करवंट्या घालून रोज पहाटे पेटवत असे. तिने ऐंशी ओलांडल्यावर धूरही सोसेना आणि वाकणेही जमेना, म्हणून मागच्या दिवाळीनंतर आम्ही मागील बाजूच्या स्लॅबवर दोनशे लिटरचा सौर बंब बसवून घेतला. त्यात आमची जी फसवणूक झाली, तशी दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बसवणारा मनुष्य बोलण्यात नम्र होता. ४८,००० रुपये आधी पूर्ण भरा, त्यातील १५,००० सरकारी अनुदान म्हणून खात्यावर परत येतील, असे त्याने सांगितले आणि आईच्या आधारकार्डाची प्रतही नेली. सध्या चालू असलेली पीएम सूर्यघर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या यंत्रासाठी नाही, हे आम्हाला फार उशिरा समजले.

काम संपले त्या दिवशी सायंकाळी त्याने नळ सोडला आणि म्हणाला, "आजी, हात लावून बघा." पाणी कढत होते. आईला इतका आनंद झाला की तिने त्याला चहा पाजून नारळही दिले, आणि मी काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही केली. टाकीतील विजेची कॉइल पावसाळ्यापुरती आहे, ती आपोआप चालू-बंद होते, तेव्हा बटणाला हात लावू नका, असे सांगून त्याने ते बटण चालू ठेवून वर चिकटपट्टी लावली. पाणी कढत होते ते या कॉइलमुळे. दोनशे लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवायला दोन किलोवॉटच्या कॉइलला साधारण चार तास लागतात आणि सुमारे आठ युनिट वीज जळते. तो दुपारपासून आमच्याकडे होता.

पुढील तीन महिने विजेचे बिल चढत राहिले आणि आम्ही पाण्याच्या पंपाला दोष देत राहिलो. शिमग्यात दुरुस्तीसाठी दीड दिवस वीज बंद होती. त्या दिवशी स्लॅबवर अनवाणी पाय ठेववत नव्हता आणि नळाला पाणी मात्र गार येत होते. तेव्हा पहिल्यांदा संशय आला.

चिपळूणहून दुसरा कारागीर बोलावला. या यंत्रात पंप नसतो. पॅनेलमध्ये तापलेले पाणी हलके होऊन स्वतःच टाकीत चढते आणि टाकीतले गार पाणी खाली उतरते. त्यासाठी टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर तरी उंच हवा आणि गरम पाण्याचा पाइप टाकीपर्यंत सतत चढता हवा. आमची टाकी पॅनेलच्या बरोबरीनेच ठेवलेली होती, त्यामुळे दिवसा जे थोडेफार तापे तेही रात्री उलटे फिरून निवत असे. पाइप साध्या पीव्हीसीचा होता. साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. आमचा मध्येच खाली झोळला होता, त्या झोळाच्या अलीकडच्या उंचवट्यात हवा अडकली होती आणि प्रवाहच थांबला होता. पॅनेलचे तोंड दक्षिणेऐवजी पश्चिमेला होते, आणि तिसऱ्या प्रहरी त्यावर आमच्याच माडांची सावली पडत असे. स्टँडचे नटबोल्ट साध्या लोखंडाचे असल्याने खाऱ्या हवेत तीन महिन्यांत गंजले होते.

हे सर्व पैशांचे नुकसान म्हणून सोडून देता आले असते. पण टाकीवरील हवेच्या पाइपला त्याने बूच मारले होते, ते मी सोडू शकत नाही. हा पाइप गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच न्यावा लागतो, नाहीतर त्यातून पाणी सांडते. पाइप कमी पडला म्हणून त्याने तो बंदच केला. कॉइलचा थर्मोस्टॅट एखाद्या दिवशी बिघडला असता, तर वाफेला बाहेर पडायला वाट उरली नसती, आणि त्या टाकीच्या खालीच आईची न्हाणी आहे. शिवाय कॉइलच्या वायरला अर्थिंग नव्हते.

दुरुस्तीला ११,५०० रुपये लागले. आता कॉइल बंद ठेवूनही सायंकाळी बादलीत गार पाणी मिसळावे लागते. ज्यांना सौर बंब बसवायचा असेल त्यांनी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कॉइलचे बटण बंद करून टाकीतले सर्व पाणी सोडून द्यावे, टाकी पुन्हा भरून एक पूर्ण दिवस उन्हावर जाऊ द्यावा आणि मगच नळाखाली हात धरावा.

त्या मनुष्याने आधी फोन उचलणे बंद केले आणि नंतर माझी सही दाखवली. आमच्याकडे पक्के बिल नाही, रक्कम मिळाल्याची साध्या कागदावरची पावती तेवढी आहे. तरीही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार केली आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तक्रारीला बँकेचा उतारा, विजेची बिले आणि दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे जोडली आहेत. हवेच्या पाइपचे ते बूचही कारागिराला फेकू दिले नाही. ते पिशवीत बांधून कपाटात ठेवले आहे.