मेल मर्जमधल्या तारखा: तिन्ही उपाय आठ महिने वापरून झाले, त्याचा अनुभव

माझं काम म्हणजे एक्सेलच्या यादीवरून वर्डमध्ये पत्रं काढणं (यालाच मेल मर्ज म्हणतात), एका वेळी शंभर-दीडशे. आठ महिन्यांपूर्वी एका मुलीचा फोन आला, "मॅडम, पत्रात ३/५/२०२४ लिहिलंय, मग मी तीन मेला रुजू व्हायचं का?" यादी उघडून बघितली तर सेलमध्ये स्वच्छ ०५-०३-२०२४, म्हणजे पाच मार्च. यादी बरोबर आणि पत्र चूक, आणि अशी पत्रं आधीच पाठवून झालेली. कुणाच्या नोकरीचा पहिला दिवस असा हुकणं मला फार लागलं, म्हणून तेव्हापासून या विषयाच्या मागे लागले.

कारण असं आहे की एक्सेल तारीख म्हणून नुसता आकडा साठवतं, १ जानेवारी १९०० ला १ धरून, त्या हिशोबानं ५ मार्च २०२४ म्हणजे ४५३५६. आपल्याला दिसते ती त्याच्यावरची फॉरमॅटिंग, आणि मर्ज करताना वर्ड ती फॉरमॅटिंग घेतच नाही, तारीख अमेरिकन पद्धतीनं महिना आधी लावून टाकतं. त्यामुळे फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन कितीही खटपट केली तरी पत्रात काही बदलत नाही.

पहिला उपाय स्विचचा, म्हणजे तारीख कशी छापायची हे वर्डला सांगणाऱ्या छोट्या सूचनेचा. वर्डमध्ये ऑल्ट एफ९ दाबलं की फील्डचा (पत्रात यादीतली माहिती येते त्या जागेचा) कोड महिरपी कंसात दिसतो, त्यात फील्डच्या नावानंतर \@ "डीडी/एमएम/वायवायवायवाय" टाकायचं (अक्षरं अर्थात इंग्रजीच), परत ऑल्ट एफ९ आणि प्रिव्ह्यू. महिन्याचा एम कॅपिटलच हवा, स्मॉल लिहिला तर वर्ड मिनिटं समजतं आणि ०५/००/२०२४ असं काहीतरी छापतं. आणि हे महिरपी कंस हातानं टाइप केलेले चालत नाहीत, कंट्रोल एफ९ नेच येतात. हा उपाय मी तीन महिने वापरला, यादी स्वच्छ असेल तर उत्तम चालतो.

पण याद्या कुठे स्वच्छ असतात! कुणीतरी तारीख टेक्स्ट म्हणून टाकलेली असते (ती सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते, खरी तारीख उजवीकडे), मग वर्ड स्वतःच अंदाज बांधतं आणि १ ते १२ मधला दिवस असेल तर दिवस-महिना उलटेपालटे होऊ शकतात. १३ पासून पुढच्या तारखा मात्र बरोबर येतात कारण तेरावा महिनाच नाही. म्हणजे पहिली दोन पत्रं बघून 'ठीक आहे' म्हणायचं आणि पुढची चुकलेली, हे माझ्या बाबतीत झालंय.

दुसरा उपाय डीडीई, म्हणजे वर्डनं चालू एक्सेलकडून थेट माहिती घेण्याची जुनी पद्धत. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली 'कन्फर्म फाइल फॉरमॅट कन्व्हर्जन ऑन ओपन' ला टिक करून मग फाइल जोडताना डीडीईवाला पर्याय निवडायचा. तारीख जशी सेलमध्ये दिसते तशी येते, पण पहिलीच शीट घेतो, एक्सेल मागे उघडं राहतं, संथ आहे, आणि देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. सोडून दिला.

आता मी कायम करते तो तिसरा: यादीतच शेजारी नवीन कॉलम, त्यात टेक्स्ट फंक्शन, फॉरमॅट "डीडी एमएमएमएम वायवायवायवाय", म्हणजे महिना अक्षरांत येतो, ०५ मार्च २०२४ असा. वर्डला अंदाज बांधायला काही उरतच नाही आणि वाचणाऱ्यालाही. एक खबरदारी घ्या, मूळ सेल रिकामा असेल तर हे फंक्शन ०० जानेवारी १९०० देतं, म्हणून बाहेरून इफ लावून रिकाम्याला रिकामंच ठेवा. आणि जी तारीख मुळातच टेक्स्ट आहे ती हे फंक्शन कॉम्प्युटरच्या तारखेच्या सेटिंगप्रमाणे वाचतं, त्यात दिवस-महिना उलटू शकतात, आणि ओळखता आली नाही तर जशीच्या तशी पुढे सरकवतं, म्हणून डावीकडे चिकटलेल्या आधी टेक्स्ट टू कॉलम्समधून डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडून खऱ्या तारखा करून घ्यायच्या.

छापायच्या आधी मी आता पाचेक पत्रं यादीशी ताडून बघते, त्यात बारापर्यंतच्या दिवसाचं एक आणि रिकाम्या तारखेचं एक असतंच. फॉर्म्युल्याचा कॉलम लावल्यापासून तारीख विचारायला कुणाचा फोन आलेला नाही.