दोन मॉनिटर नीट झोपेनात: मेनू, केबल की विंडोजची सेटिंग?

दोन स्क्रीन लावणाऱ्यांची वीजबचतीबद्दल रडगाणी दोनच. एक, मॉनिटर झोपतच नाही, किंवा झोपला की लगेच जागा होतो. दोन, जागा झाल्यावर सगळ्या विंडो एकाच स्क्रीनवर गोळा झालेल्या असतात. दुसरं जास्त छळतं, म्हणून आधी तेच.

केबल डिस्प्लेपोर्ट प्रकारची असो वा एचडीएमआय, मॉनिटर जोडलेला आहे हे कॉम्प्युटरला कळवणारी एक वेगळी तार तिच्यात असते. तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. डिस्प्लेपोर्टवरचे बरेच मॉनिटर गाढ झोपेत गेले, किंवा बटणाने बंद केले, की या तारेवरचा सिग्नल सोडून देतात. कॉम्प्युटरला वाटतं केबलच उपटली. मग तो ती स्क्रीन वजा करतो आणि तिथल्या विंडो उरलेल्या स्क्रीनवर ढकलतो. एचडीएमआयवर मॉनिटर बंद असतानाही बहुधा हजेरी लावत राहतो. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर वेगवेगळ्या केबलवर वेगळे वागतात, आणि आपण उगाच ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत बसतो.

यावर उपाय तीन. पहिला, मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘डीप स्लीप’ किंवा तशा नावाचा पर्याय असेल तर तो बंद करणं. फुकट, दोन मिनिटांचं काम. झोपेतली वीज किंचित वाढते, तेवढंच. दुसरा, एचडीएमआयवर जाणं. विंडो जागेवर राहण्याची शक्यता बरीच वाढते, पण पोर्ट जुनं असेल तर पस्तावाल: एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच चालतं आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. फोर-के ६० हर्ट्झला २.० हवं. तिसरा, विंडोज ११ मधली मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याची सेटिंग. डिस्प्लेच्या पानावर ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली सापडेल. ती बऱ्यापैकी काम करते, पण मूळ कारण तसंच राहतं आणि उठताना विंडोंची पळापळ दिसतेच. माझं मत विचाराल तर आधी मेनू, मग ही सेटिंग, आणि केबल शेवटी.

आता न झोपणारे मॉनिटर. इथे पॉवर प्लॅनला (विंडोजच्या वीजबचतीच्या सेटिंगला) दोष देण्याआधी ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ (powercfg /requests) ही कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करा. कॉम्प्युटरला कोण जागं ठेवतंय त्याची यादी येते. ‘डिस्प्ले’खाली एखाद्या ब्राउझरचं किंवा कॉलिंग ॲपचं नाव आलं तर गुन्हेगार तोच, बहुतेक वेळा कुठल्या तरी टॅबमध्ये व्हिडिओ चालू असतो.

यादी कोरी असूनही स्क्रीन जाग्या होत असतील तर मॉनिटरकडेच बघत बसा. दिवा केशरी होतो, चित्र जातं, ‘नो सिग्नल’ येतं, आणि मग मॉनिटर एकेक इनपुट चाचपायला लागतो. या शोधाशोधीत कधीकधी तीच हॉट प्लगची तार हलते, कॉम्प्युटरला नवीन स्क्रीन आल्याचा भास होतो आणि तो दोन्ही मॉनिटर उठवतो. पुन्हा टायमर, पुन्हा झोप, पुन्हा तेच. मॉनिटरच्या मेनूत ऑटो इनपुट (इनपुट आपोआप शोधणं) बंद करून इनपुट हाताने ठरवा. दोघांपैकी खोडकर कोणता हे कळत नसेल तर एकाची केबल काढून दुसऱ्याला झोपू द्या, मग उलट करा. (माउस उलटा ठेवूनही बघा; चकचकीत टेबलावर तो हात न लावताही थरथरतो.)

बटण की टायमर? विंडोजचा टायमर दोन्ही स्क्रीन एकदमच झोपवतो, प्रत्येकीला वेगळी वेळ देता येत नाही. एकच बंद करायची असेल तर बटण बरं, आणि इथे डिस्प्लेपोर्टचा तोच दुर्गुण कामाला येतो: स्क्रीन खरोखर वजा होते. एचडीएमआयवर बाण काळ्या स्क्रीनमध्ये जाऊन हरवतो. लिनक्सवर ‘डीडीसीयुटिल’सारख्या साधनाने केबलमधूनच मॉनिटर बंद करता येतो, पण काही मॉडेल त्यानंतर फक्त बटणानेच उठतात. स्क्रीनसेव्हरचा विचार सोडून द्या. एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, वीज वाचत नाही.

एका प्रकारात मात्र कुठलीच सेटिंग चालत नाही. डिस्प्लेपोर्टच्या २० क्रमांकाच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात आणि नियमाप्रमाणे साध्या केबलमध्ये ही पिन जोडलेली नसावी. काही स्वस्त केबलींत ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी ग्राफिक्स कार्डात शिरते, आणि केबल लावलेली असताना कॉम्प्युटर सुरूच होत नाही किंवा झोपेतून उठत नाही. केबल काढल्यावर सगळं सुरळीत झालं, तर ती पुन्हा लावू नका. नवीन प्रमाणित केबल घ्या.