गाडीतल्या फ्रिजची वायरिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी 12 व्होल्टवर चालणारा 45 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज घेतला आणि माझ्या डिझेल फोर बाय फोर गाडीच्या डिकीत, तिथल्या मूळ सॉकेटला (सिगारेट लायटरसारख्या) जोडून दिला. त्याच महिन्यात हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावातून सुरमई घेतली, दापोलीला मुक्काम केला आणि सकाळी झाकण उघडले, तेव्हा आतले तापमान 17 अंश होते. मासळी फेकून द्यावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते. फ्रिज सदोष असावा असा माझा समज झाला होता; प्रत्यक्षात दोष त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विजेत होता.

पुण्याला परतल्यावर इंजिन बंद ठेवून मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे यंत्र) लावला. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर 12.4 व्होल्ट, तर सॉकेटवर केवळ 11.2 व्होल्ट मिळत होते. बॅटरी उतरू नये म्हणून या फ्रिजमध्ये हाय, मीडियम आणि लो असे तीन टप्पे असतात. मी हाय ठेवला होता आणि त्यात तो 11.1 च्या सुमारास स्वतःहून बंद होतो. म्हणजे बॅटरी चांगली भरलेली असूनही फ्रिजला ती रिकामी वाटत होती. प्लग बाहेर काढला, तर टोकाच्या पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलेले दिसले. या सॉकेटमध्ये पिन केवळ स्प्रिंगच्या जोरावर टेकलेली असते. खडबडीत रस्त्यावर ती हलते, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो.

डिसेंबरमध्ये मी बॅटरीपासून डिकीपर्यंत 6 चौरस मिमीची तांब्याची स्वतंत्र वायर ओढली. अंतर 5 मीटर आहे, परंतु वीज जाऊन परत येते, त्यामुळे हिशेब 10 मीटरचा करावा लागतो. कॉम्प्रेसर साधारण 5 अँपिअर घेतो; 1 चौरस मिमीच्या वायरीत एवढ्या अंतरावर जवळजवळ 0.9 व्होल्ट वाया जातात, 6 मध्ये जेमतेम 0.15. आता बॅटरीवर 12.4 असताना फ्रिजपाशी 12.2 मिळतात.

15 अँपिअरचा फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून एका वितीच्या आत बसवला आहे. फ्यूज फ्रिजला नव्हे, तर वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो डिकीत बसवला, तर बॉनेटखाली वायर घासून चासीला टेकल्यास त्याचा काहीही उपयोग होत नाही. म्हणूनच फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) वायर नेताना रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या कडेला बसणारी रिंग, आणि पुढे सर्वत्र लवचीक पाइप वापरला. माझ्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीतून जाणारी-येणारी वीज मोजणारा सेन्सर असल्यामुळे निगेटिव्ह वायर थेट तिथे न जोडता जवळच्या चासीच्या बोल्टला, रंग खरवडून, जोडली. डिकीत सॉकेटऐवजी 50 अँपिअरचा अँडरसन कनेक्टर, म्हणजे एकमेकांत घट्ट अडकणारा जोड, आहे. हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर ताम्हिणीच्या खड्ड्यांतून कितीतरी वेळा जाऊनही जोड एकदाही सुटलेला नाही.

मे महिन्यात कोकणात रात्रीसुद्धा कॉम्प्रेसर तासातली 15 ते 20 मिनिटे चालत होता, म्हणजे 10 तासांत सुमारे 15 अँपिअर-तास खर्च झाले. 70 अँपिअर-तासांच्या मूळ बॅटरीला एक रात्र एवढा खर्च झेपतो आणि सकाळी गाडी विनातक्रार सुरू होते. दोन रात्री एकाच जागी थांबायचे असल्यास मात्र दुसरी बॅटरी आणि ती गाडीच्या विजेवर भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागेल, आणि त्याला ही वायर चालणार नाही. 20 अँपिअरचा चार्जर मूळ बॅटरीकडून 25 च्या आसपास ओढतो. त्यासाठी 16 चौरस मिमीची वायर आणि मोठा फ्यूज हवा. हा खर्च मी अजून केलेला नाही.

जून महिन्यात पाऊस सुरू झाल्यावर सर्व जोड तपासले. हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) लावलेले लग, म्हणजे वायरींच्या टोकांची धातूची कडी, स्वच्छ होते. चासीच्या बोल्टवर मात्र हिरवट थर चढला होता; समुद्रकिनाऱ्यावरच्या मुक्कामांचा तो परिणाम असावा. घासून, आवळून त्यावर पेट्रोलियम जेली लावली आणि पुन्हा मोजले: फ्रिजपाशी 12.2.